प्रोबेशनमध्ये कामावर उशीर: आधीची तयारी, त्या दिवशीचा क्रम आणि नंतरची नोंद

नवी नोकरी लागल्यावर प्रोबेशनच्या, म्हणजे कायम होण्याआधीच्या चाचणीच्या, तीन किंवा सहा महिन्यांत एखाद्या दिवशी उशीर होणे पुण्यात जवळपास अटळ आहे. नुकसान मात्र बहुधा उशिरापेक्षा त्यानंतरच्या गोंधळाने होते. निरोप उशिरा जातो, गेला तर चुकीच्या माणसाकडे जातो, पोहोचल्यावर कारणांचे पाल्हाळ लागते, हजेरीची नोंद अर्धवट राहते आणि पगार कमी आला की मगच टाइम ऑफिसची, म्हणजे हजेरी सांभाळणाऱ्या विभागाची, आठवण होते. कायम करण्याचा निर्णय घेताना वरिष्ठांसमोर एकीकडे हजेरीचा तक्ता असतो आणि दुसरीकडे एक साधा प्रश्न असतो: हा माणूस येणार नसेल तेव्हा आपल्याला ते वेळेत कळते का? पहिल्या गोष्टीत एखादा डाग चालतो, दुसऱ्या बाबतीत शंका आली तर ती सहज जात नाही. म्हणून उशीर झाल्यावर काय करायचे हे उशीर होण्याआधीच ठरवून ठेवावे लागते, आणि पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. हिंजवडी-खराडीच्या आयटी कार्यालयांची जनरल शिफ्ट आणि चाकण-भोसरीची कारखान्याची शिफ्ट यांत जिथे फरक पडतो, तिथे तो वेगळा सांगितला आहे.

टप्पा १: नेमणूकपत्र आणि हजेरीचा नियम रुजू होताच वाचावा

नेमणूकपत्रात हजेरीबद्दल बहुधा एकच वाक्य असते: "कामाच्या वेळा कंपनीच्या नियमांनुसार राहतील." खरा नियम एचआर पोर्टलवरच्या पुस्तिकेत किंवा टाइम ऑफिसबाहेरच्या फलकावर असतो. तो शोधून पुढील गोष्टी एका कागदावर लिहून घ्याव्यात.

– हजर होण्याची नेमकी वेळ आणि ग्रेस टाइम (उशिरा येण्याची सवलत) किती मिनिटांचा आहे.
– ही सवलत महिन्यातून किती वेळा वापरता येते आणि किती लेट मार्कनंतर (उशिराच्या नोंदींनंतर) हाफ डे लागतो.
– कोणता पंच (हजेरी यंत्रावरची नोंद) धरला जातो: मुख्य गेटवरचा, मजल्यावरचा की शॉप फ्लोअरवरचा.
– पंच राहिला तर रेग्युलरायझेशनचा (हजेरीची नोंद दुरुस्त करण्याचा) अर्ज किती दिवसांत करायचा आणि तो कोण मंजूर करतो.
– प्रोबेशनचा कालावधी, तो वाढवण्याची तरतूद आणि या काळातली नोटीस किती दिवसांची आहे.

यातले काही सापडले नाही, तर एचआरला एकच छोटा ईमेल करून विचारावे. पहिल्या आठवड्यात हे प्रश्न विचारणारा माणूस काळजीपूर्वक काम करणारा वाटतो. हेच प्रश्न तिसऱ्या लेट मार्कनंतर विचारले, तर ते पळवाट शोधल्यासारखे दिसतात.

ग्रेस टाइमचा अर्थ लावताना सर्वाधिक लोक चुकतात. ९.३० ची वेळ आणि १० मिनिटांची सवलत असेल, तर कामाची वेळ ९.४० होत नाही. अनेक हजेरी प्रणालींत सवलतीत आलेल्या दिवसांचीही वेगळी मोजणी होते, त्यामुळे रोज ९.३८ ला येणाऱ्याच्या नावावर एकही लेट मार्क नसला, तरी महिन्याच्या अहवालात त्याच्या नावापुढची वेळांची रांग वरिष्ठांच्या नजरेत भरते.

ज्या कारखान्यांना स्थायी आदेश (नोकरीच्या अटी आणि शिस्तीचे लेखी नियम) लागू आहेत, तिथे ते वाचणे आणखी गरजेचे आहे. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ खालच्या आदर्श स्थायी आदेशांत सवयीने उशिरा येणे हे गैरवर्तनाच्या यादीत होते आणि कंपन्यांनी आपापले आदेश त्याच धर्तीवर केलेले असतात. भर सवयीवर आहे. एका दिवसाचा उशीर त्यात बसत नाही, परंतु दर सोमवारचा उशीर सहज बसवता येतो.

पडताळणी: तुमची वेळ, सवलत, हाफ डेचा नियम आणि अर्जाची मुदत या चार गोष्टी पोर्टल न उघडता सांगता येत असतील, तरच पुढे जावे.

टप्पा २: घराच्या दारापासून पंच मशीनपर्यंतचा वेळ मोजावा

मोबाइलवरचा नकाशा रस्त्याचा वेळ सांगतो. उशीर मात्र बऱ्याचदा रस्ता संपल्यानंतर होतो. आयटी पार्कच्या गेटवर गाडीचा स्टिकर तपासला जातो आणि नव्या माणसाला तो मिळायला काही दिवस लागतात. तोवर गाडी बाहेर लावून चालत जावे लागते. आत सोडलेच, तर दुचाकीची जागा तळघराच्या सर्वांत खालच्या मजल्यावर मिळते. ओळखपत्र छापून आलेले नसेल, तर रोज सकाळी रिसेप्शनच्या वहीत नाव, वेळ आणि भेटीचे कारण लिहून तात्पुरता पास घ्यावा लागतो आणि तिथे आपल्यापुढे मुलाखतीला आलेल्यांची रांग असते. मग बॅगेची तपासणी आणि सव्वानऊ ते पावणेदहाच्या दरम्यान लिफ्टसमोरची गर्दी. हे सगळे ओलांडून मशीनवर बोट टेकवेपर्यंत गेटपासून १५ मिनिटे सहज जातात.

कारखान्यात क्रम वेगळा असतो: गेटवरची तपासणी, मोबाइल जमा करण्याचा नियम असल्यास ती खिडकी, लॉकर, गणवेश, सेफ्टी शूज, आणि मग लाइनवर आधीच्या शिफ्टकडून काम समजून घेणे. सातची शिफ्ट असेल, तर सातला गेटवर पोहोचलेला माणूस उशिरा आलेला असतो.

मोजणी अशी करावी. घराचे कुलूप लावल्याची वेळ, वाहन सुरू केल्याची वेळ, गेटवर पोहोचल्याची वेळ आणि पंचची वेळ या चार नोंदी रुजू झाल्यापासून पहिले दोन आठवडे मोबाइलमध्ये लिहाव्यात. दोन आठवड्यांनी सरासरी काढू नये. सर्वांत वाईट दिवसाचा वेळ धरावा आणि निघण्याची वेळ त्यावरून ठरवावी. सरासरीवर निघणारा माणूस जवळपास निम्म्या दिवशी उशिरा पोहोचतो, हे साधे गणित अनेकांच्या लक्षात येत नाही.

रुजू होण्याआधी रविवारी दुपारी गाडी काढून "रस्ता पाहून येणे" ही आणखी एक नेहमीची चूक आहे. त्याने वळणे कळतात, वेळ कळत नाही. चाचणी घ्यायचीच असेल, तर ती सोमवारी किंवा मंगळवारी, कामाच्याच वेळी घ्यावी.

ठिकाणानुसार काही गोष्टी आधीच गृहीत धरलेल्या बऱ्या. हिंजवडीत वाकडच्या पुलापासून किंवा भूमकर चौकातून आत शिरल्यावर शिवाजी चौकापर्यंतचा वेळ एक आणि तिथून आयटी पार्कच्या पुढच्या फेजपर्यंतचा वेळ वेगळा. फेज १ ला पोहोचणे म्हणजे फेज ३ ला पोहोचणे नव्हे. खराडीला मेट्रोने जाणाऱ्यांनी रामवाडी स्थानक हे शेवट न धरता तिथून पुढच्या बस किंवा रिक्षाची वाट पाहण्याचा वेळ मिळवावा. चाकणला जाताना नाशिक फाटा, भोसरी, मोशी अशी टप्प्याटप्प्याने कोंडी लागते आणि ती पार पडली, असे वाटत असतानाच तळेगाव-चाकण चौक समोर येतो. तळेगावकडे लोकलने जाणाऱ्यांची एक गाडी चुकली, तर पुढची लगेच नसते. म्हणून आपल्या नेहमीच्या लोकलच्या आधीची लोकल हीच आपली लोकल मानावी.

पडताळणी: निघण्याच्या वेळेत पेट्रोल भरणे, हवा भरणे, मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे ही कामे धरली आहेत का? नसतील, तर ती सकाळच्या वेळातून काढून आदल्या संध्याकाळी करावीत किंवा त्यांची मिनिटे वाढवावीत.

टप्पा ३: दुसरा मार्ग आणि अडचणीच्या दिवसांची यादी

दुसरा मार्ग म्हणजे त्याच रस्त्याला समांतर असलेली गल्ली नव्हे, कारण मुख्य रस्ता तुंबला की त्या गल्लीतही सगळे शिरतात. शक्य असेल, तर प्रवासाचे साधनच वेगळे असावे. वनाझ–रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड–स्वारगेट या मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सिव्हिल कोर्टला एकमेकींना मिळतात, त्यामुळे कोथरूडहून पिंपरीकडे किंवा स्वारगेटहून नगर रस्त्याकडे जाणाऱ्याला गाडी बंद पडल्यास एक भरवशाचा तुकडा मिळतो. हा पर्याय एकदा तरी कामाच्या दिवशी प्रत्यक्ष वापरून पाहावा. ऐनवेळी पहिल्यांदा वापरलेला पर्याय वेळ वाचवत नाही.

पुढील दिवस दिनदर्शिकेवर आधीच खुणा करून ठेवावेत.

आषाढी वारीच्या काळात संत ज्ञानेश्वर आणि संत तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात येतात तो दिवस आणि मुक्काम हलवतात तो दिवस. निघताना दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत एकाच रस्त्याने जातात. तिथून एक दिवे घाटाकडे आणि दुसरी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते. मगरपट्टा, हडपसर आणि फुरसुंगीकडे काम करणाऱ्यांनी त्या दिवसासाठी रजा, घरून काम किंवा पहाटे निघणे यांपैकी एक आधीच ठरवून वरिष्ठांना कळवावे. वारी दरवर्षी असते आणि तारखा आधी जाहीर होतात, त्यामुळे "पालखीमुळे अडकलो" हे पुणेकराच्या तोंडी शोभत नाही.

गणपती विसर्जनाचा दिवस आणि त्याची दुसरी सकाळ. मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू राहते, हे विसरून पेठांमधून निघणारे लक्ष्मी किंवा टिळक रस्त्याच्या तोंडाशी अडकतात.

पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढवल्याची बातमी रात्री वाचली, तर सकाळी भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता धरायचा नाही, हे तेव्हाच ठरवावे.

आणि गुरुवार-शुक्रवार. देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचे असेल, तर महापालिका बहुधा गुरुवार निवडते आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल असे जाहीर करते. पेइंग गेस्ट म्हणून चार-पाच जणांच्या खोलीत राहणाऱ्यांच्या शुक्रवारच्या लेट मार्कमागे हे कारण किती वेळा असते, हे त्यांनाच ठाऊक. आदल्या रात्री दोन बादल्या भरून ठेवणे हा यावरचा पूर्ण उपाय आहे.

टप्पा ४: निरोप कोणाला आणि कसा, हे आधी ठरवावे

रुजू झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत थेट वरिष्ठांना एकदा विचारावे: "सर, कधी उशीर होणार असेल किंवा येता येणार नसेल, तर आपल्याला फोन करावा की मेसेज चालेल? आणि आपण उपलब्ध नसाल तर कोणाला कळवावे?" उत्तर मिळाले की ते क्रमांक मोबाइलमध्ये जतन करावेत आणि एका कागदावर लिहून पाकिटातही ठेवावेत. मोबाइल बंद पडण्याचा आणि उशीर होण्याचा दिवस कधीकधी एकच असतो.

कारखान्यात सुपरवायझर, टाइम ऑफिस आणि कंपनीच्या बसचा चालक किंवा वाहतूक समन्वयक असे तीन क्रमांक हवेत. कंत्राटदारामार्फत लागला असाल, तर कंत्राटदाराच्या माणसाचा चौथा. निव्वळ कंत्राटदाराला कळवून थांबू नये. लाइनवर माणूस कमी पडतो तो सुपरवायझरला.

इशारा: शेजारच्या टेबलावरच्या मित्राला "सरांना सांग रे" असे कळवणे म्हणजे कळवणे नव्हे. तो विसरला, तर जबाबदारी तुमचीच राहते, आणि सांगितले तरी ते तुमच्या शब्दांत पोहोचत नाही.

टप्पा ५: उशीर होणार हे दिसताच

निरोपाची वेळ ही कामाची वेळ उलटल्यावरची नसते, शंका आल्याबरोबरची असते. ९.३० ला पोहोचायचे आहे आणि ८.५० ला तुम्ही जिथे असायला हवे त्याच्या बरेच मागे, वारज्यातच अडकला आहात, तर ८.५० लाच कळवावे. पुढे रस्ता मोकळा होऊन वेळेत पोहोचलात, तर बिघडत काहीच नाही. अनेक जण नेमके याच आशेवर थांबतात आणि ९.४० ला "उशीर होतोय" असे कळवतात. तेव्हा ते सगळ्यांना दिसतच असते.

गाडी चालवताना निरोप लिहू नये. रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी थांबून लिहावा. नवले पुलाच्या उतारावर किंवा बायपासवर एका हातात मोबाइल धरण्याएवढी कोणतीच नोकरी तातडीची नाही.

निरोपात चार गोष्टी असाव्यात: उशीर होणार आहे, थोडक्यात कारण, किती वाजता जागेवर असेन, आणि माझ्यामुळे अडणाऱ्या कामाचे काय केले आहे. पुढील नमुना पाहावा.

चुकीचा: "गुड मॉर्निंग सर, सॉरी सर, आज सकाळी पाणीच नव्हतं, मग निघताना गाडी पंक्चर झाली, आता चौकात खूप ट्रॅफिक आहे, लवकरात लवकर यायचा प्रयत्न करतो."

योग्य: "सर, गाडी पंक्चर झाल्यामुळे मला आज उशीर होईल. १०.१५ पर्यंत जागेवर असेन. ९.४५ च्या कॉलसाठी माझा कालचा अहवाल ग्रुपवर टाकला आहे. काही तातडीचे असल्यास कृपया फोन करावा."

पहिल्या निरोपात तीन कारणे आहेत आणि वेळ एकही नाही. वाचणाऱ्याला कारणांशी फारसे कर्तव्य नसते. त्याला पुढच्या तासाची जुळवाजुळव करायची असते आणि त्यासाठी वेळ हवी असते.

वेळ सांगताना ती हात राखून सांगावी. पंधरा मिनिटांत पोहोचू असे वाटत असेल, तर अर्धा तास सांगावा. "दहा मिनिटांत येतो", मग "अजून दहा मिनिटे", मग "गेटवर आहे" असे तीन निरोप एका मोठ्या उशिरापेक्षा अधिक त्रास देतात. सांगितलेली वेळही चुकणार असे दिसले, तर ती उलटण्याआधी एकदाच सुधारित वेळ कळवावी.

आता कारणाविषयी. हिंजवडीला रोज जाणाऱ्याने "ट्रॅफिक होते" एवढेच सांगण्यात अर्थ नाही, कारण साहेबही त्याच रस्त्याने आलेले असतात. नेहमीपेक्षा वेगळे काही घडले असेल, तर ते सांगावे: अपघातामुळे रस्ता बंद केला, बस बंद पडली, घरातल्या कोणाला दवाखान्यात न्यावे लागले. आणि खरे कारण झोप लागणे हे असेल, तर "वेळेत उठलो नाही, पुन्हा होणार नाही" असे सांगणे परवडते. खोटे कारण पुढच्या वेळी आठवावे लागते, आणि आजारी सांगितलेल्या आजी दिवाळीच्या फोटोत ठणठणीत दिसतात.

कारखान्यात मेसेजवर अवलंबून राहू नये, फोनच करावा, आणि तो शिफ्ट सुरू होण्याआधी लागला पाहिजे. तुमच्या जागी बदली माणूस द्यायचा की आधीच्या शिफ्टच्या माणसाला थांबवायचे, हे सुपरवायझरला त्याच पाच मिनिटांत ठरवायचे असते. रात्रपाळी करून थकलेला जो माणूस तुमच्यामुळे मशीनवर थांबतो, तो ही गोष्ट साहेबांपेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतो. कंपनीची बस चुकली, तर रिक्षा करून पुढच्या थांब्यावर तिला गाठण्याची धावाधाव सुरू करण्याआधी हा फोन करावा.

इशारा: सहकाऱ्याला आपले कार्ड देऊन पंच करवून घेणे किंवा मोबाइलवरच्या हजेरी अ‍ॅपला खोटे ठिकाण दाखवणे हे कधीही करू नये. उशीर ही चूक आहे, ही फसवणूक आहे. प्रोबेशनमध्ये उशिराबद्दल समज मिळते, याबद्दल बहुधा सरळ नोकरी जाते, आणि मदत करणाऱ्याचीही जाते.

टप्पा ६: पोहोचल्यावरचा क्रम

आधी पंच, मग जागेवर बॅग, मग वरिष्ठांकडे. कॅन्टीनच्या चहाचा कप हातात घेऊन उशिरा जागेवर येणे हे कितीही निरागस असले, तरी तसे दिसत नाही.

वरिष्ठ मोकळे असतील, तर एक वाक्य पुरे: "सर, मी आलो आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहे, अहवाल अकरापर्यंत देतो." ते बैठकीत असतील, तर दार ढकलून आत जाऊन माफी मागू नये, मेसेज टाकून कामाला लागावे. सगळ्या टीमसमोर तपशीलवार खुलासा करण्याची गरज नसते.

संध्याकाळी तेवढाच वेळ जास्त थांबले की हिशेब मिटला, असा समज फार पसरलेला आहे. कंपनीत फ्लेक्सी टाइमचा (येण्या-जाण्याची वेळ पुढेमागे करण्याचा) नियम असेल, तर तो खरा आहे. नसेल, तर सकाळचा लेट मार्क संध्याकाळच्या दोन तासांनीही पुसला जात नाही. काम राहिले असेल म्हणून जरूर थांबावे, परंतु लेट मार्क गेला असे धरून चालू नये.

टप्पा ७: नोंद त्याच दिवशी पूर्ण करावी

हा टप्पा सर्वाधिक वेळा वगळला जातो. पंच झाला नसेल, रिसेप्शनच्या पासवर आत आला असाल, किंवा बाहेरच्या कामाहून थेट आला असाल, तर त्याच दिवशी पोर्टलवर रेग्युलरायझेशनचा अर्ज करावा. कारणाच्या रकान्यात "पर्सनल" असे मोघम न लिहिता तारीख, वेळ आणि निरोप कोणाला दिला हे लिहावे: "गाडी पंक्चर, ८.५५ ला टीम लीडना कळवले, १०.०५ ला मजल्यावर उपस्थित." कंपनीची बसच उशिरा आली असेल, तर टाइम ऑफिसला तसे सांगून त्या बसमधल्या सर्वांची नोंद एकत्र दुरुस्त करून घ्यावी, ही चूक तुमची नाही आणि ती तुमच्या नावावर राहता कामा नये.

वैद्यकीय कारण असेल, तर तारखेचा केसपेपर किंवा डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी. तोंडी मिळालेली परवानगी ("असू दे, चालेल") दोन ओळींच्या मेसेजमध्ये आभार मानून लेखी करून घ्यावी. सहा महिन्यांनी टीम लीड बदललेले असतात आणि "चालेल" कुठेच सापडत नाही.

पडताळणी: दर आठवड्याच्या शेवटी पोर्टलवरचा आपला हजेरी तक्ता उघडून पाहावा. अर्ज केला म्हणजे तो मंजूर झाला असे नसते; वरिष्ठांकडे प्रलंबित राहिलेला अर्ज पगाराचा हिशेब बंद होण्याच्या कटऑफ तारखेला नामंजूर असल्यासारखाच धरला जातो.

टप्पा ८: उशीर पुन्हा होऊ लागला तर

एका महिन्यात दुसऱ्यांदा उशीर झाला, तर तिसऱ्याची वाट न पाहता आपणहून वरिष्ठांकडे दहा मिनिटांचा वेळ मागावा. तिथे माफी थोडी आणि प्रस्ताव जास्त असावा. टप्पा २ मधल्या नोंदी इथे उपयोगी पडतात. "मी सात वाजता निघतो, वाकडपर्यंत ठीक येतो, पुढे मला इतका वेळ लागतो, साडेदहा ते साडेसात अशी वेळ मिळाली, तर मी कायम वेळेत असेन" असे आकड्यांसह सांगितले, तर त्यावर विचार होतो. "मला जमत नाहीये" यावर होत नाही. वेळ बदलून मिळाली, तर ती एचआरच्या प्रणालीतही बदलली का, हे पाहावे; अन्यथा वरिष्ठांच्या संमतीने साडेदहाला येणाऱ्याला यंत्र रोज लेट मार्क देत राहते.

ठरलेल्या कामांसाठी उशीर करण्यापेक्षा रजा घ्यावी. भाडेकराराची नोंदणी, बँक, मुलाचा शाळाप्रवेश अशा कामांसाठी आधी अर्ज करून घेतलेला हाफ डे तुमच्या नावावर डाग म्हणून राहत नाही, "तासाभरात उरकून येतो" म्हणून झालेला उशीर मात्र राहतो. प्रोबेशनमध्ये रजाच नसते, असे अनेक नवे लोक ऐकीव माहितीवर धरून चालतात. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये वर्षाला ८ पगारी नैमित्तिक रजांची तरतूद असून त्या तिमाहीनुसार खात्यात जमा होतात. तुमची आस्थापना या कायद्याखाली येत असेल, तर पोर्टलवर ही शिल्लक पाहावी आणि न दिसल्यास एचआरला विचारावे.

घर बदलणे हा शेवटचा उपाय आहे आणि तो प्रोबेशन संपण्याआधी करू नये, असे माझे मत आहे. नोकरी कायम होण्याआधी अनामत रक्कम आणि अकरा महिन्यांचा करार गळ्यात घेण्यापेक्षा प्रोबेशनचे महिने पहाटे उठलेले परवडते.

टप्पा ९: पगारातील कपात तपासावी

पगारपत्रक आले की उशिराची कपात आहे का आणि ती कोणत्या नावाखाली आहे, हे पाहावे. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्ये, आणि तीच व्यवस्था पुढे नेणाऱ्या वेतन संहिता, २०१९ मध्ये, अनुपस्थितीची कपात अनुपस्थित राहिलेल्या वेळेच्या प्रमाणात असावी, असे तत्त्व आहे. दंड ही वेगळी गोष्ट आहे: तो त्या वेतन कालावधीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून अधिक लावता येत नाही आणि लावण्यापूर्वी कर्मचाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते.

आकड्यांत पाहू. महिना ३०,००० रुपये वेतन, २६ दिवस आणि दिवसाला ८ तास असा हिशेब धरला, तर एका तासाचे सुमारे १४४ रुपये होतात. अर्ध्या तासाच्या उशिराचे ७२ रुपये आणि अर्ध्या दिवसाचे ५७७ रुपये. तीन लेट मार्कला एक हाफ डे हा नियम अनेक कंपन्या रजेच्या शिलकीतून वळता करतात. शिल्लक नसेल, तर तो विनावेतन होतो आणि पगारात दिसतो. तुमच्या बाबतीत भागाकार २६ ने केला आहे की ३० ने, आणि हाफ डे रजेतून गेला की पगारातून, हे दोन प्रश्न एचआरला लेखी विचारावेत. सूर तक्रारीचा नको, खुलाशाचा असावा: "मे महिन्याच्या पत्रकातील कपातीचा हिशेब कृपया कळवावा." पहिल्याच ईमेलमध्ये कायद्याचे कलम लिहिण्याची घाई करू नये, बहुतेक वेळा मंजूर न झालेला अर्जच कारण निघते आणि पुढच्या पगारात रक्कम परत मिळते.

टप्पा १०: लेखी समज किंवा प्रोबेशन वाढवल्याचे पत्र आल्यास

समज देणारा ईमेल आला, तर त्याच दिवशी रागाच्या भरात उत्तर देऊ नये आणि गप्पही बसू नये. मुदत दिली असेल, तर तिच्या आत, नसेल तर दोन दिवसांत उत्तर द्यावे. पत्रातील प्रत्येक तारीख आपल्या नोंदींशी ताडून पाहावी. जी तारीख बरोबर आहे ती मान्य करावी, जिथे निरोप दिला होता तिथे त्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडावा, जिथे नोंद चुकली आहे तिथे अर्जाचा क्रमांक द्यावा, आणि शेवटी केलेला बदल एका ओळीत लिहावा: निघण्याची वेळ बदलली, मेट्रोने येऊ लागलो, शिफ्ट बदलून घेतली. सहकारीही उशिरा येतात, हा मुद्दा खरा असला तरी लिहू नये. त्याने तुमची बाजू बळकट होत नाही आणि एक माणूस विनाकारण दुखावतो.

प्रोबेशन वाढवल्याचे पत्र मिळाले, तर तीन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: वाढ कोणत्या तारखेपर्यंत आहे, कोणत्या निकषावर पुन्हा विचार होणार आहे, आणि मधला आढावा कधी आहे. आणि मुदत संपली, पत्र काहीच आले नाही, तर आपण आपोआप कायम झालो असे समजू नये. नेमणूकपत्रात तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर सर्वसाधारणपणे लेखी आदेशानेच कायम होता येते. मुदत संपण्याच्या दोन आठवडे आधी एचआर आणि वरिष्ठ या दोघांनाही एकाच ईमेलने आढाव्याची तारीख विचारावी, आणि सोबत मागील तीन महिन्यांचा आपला हजेरी तक्ता पोर्टलवरून उतरवून जोडावा.